मढवी सरांतर्फे, तारीख मिळावी

९ मार्च २००९, सोमवार

आज मी वकील झाले. सनद तशी डिसेंबरातच हातात आली होती, पण काळा कोट घालून चारचौघांत तोंड उघडलं ते आज. एकूण पाच शब्द बोलले. "मढवी सरांतर्फे, साहेब, तारीख मिळावी." आणि मिळाली की हो!

आत जाण्याआधी प्रांत ऑफिसच्या जिन्यात तेच वाक्य बारा वेळा म्हणून पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ वरून उतरत होते, ते घाबरून कठड्याला चिकटले. प्रांतसाहेबांनी मात्र मानही वर केली नाही. कारकुनाला म्हणाले, "द्या. सव्वीस मे. तोपर्यंत स्थगिती चालू." समोरचे वकील काशीराम गायकर, भल्यामोठ्या पांढऱ्या मिशांचे, लगेच म्हणाले, "आमची हरकत नाही." किती सज्जन माणूस! बाहेर आल्यावर मला कटिंग चहासुद्धा पाजला. "पयलाच दिवस ना? मोठी वकील होशील बघ," म्हणाले.

घरी अब्बांनी मोहल्ल्यात जिलेबी वाटली. वीस वर्षं कुवेतला काढून परत आलेला माणूस, त्यांना वाटायला निमित्तच लागतं. अम्मीने विचारलं, "बोललीस काय ते तरी सांग." मी सांगितलं. "एवढंच? एवढं तर मीपण बोलले असते."

ही डायरी ऑफिसची आहे. आमच्याकडे प्रत्येक ज्युनियरला एक मिळते, केसेस लिहायला. माझ्या नावावर एकही केस नाही. तेव्हा पानं कोरी ठेवण्यापेक्षा हे असलं काहीतरी लिहीन म्हणते.

१४ मार्च २००९

आज सर चक्क ऑफिसात होते. सर म्हणजे ॲडव्होकेट महादेव मढवी. पनवेलच्या उरण नाक्याला पहिल्या मजल्यावर ऑफिस, नगरपरिषदेत नगरसेवक, आणि आवाज असा की वर सर बोलायला लागले की खालचा पानवाला रेडिओ बारीक करतो. सरांचे वडील मिठागरात कामाला होते. सर शाळा सुटली की स्वतः मिठाच्या टोपल्या वाहायचे आणि रात्री चिमणीच्या उजेडात अभ्यास करायचे. हे मला आमचे क्लार्क जगनभाऊ यांनी पहिल्या आठवड्यात तीनदा सांगितलं.

सर खुशीत असले की आगरी बोलतात, काम असलं की शुद्ध मराठी, आणि रागावले की इंग्रजी. आज आगरी चालू होतं. "अरीबा, तुजा काम सोपा हाय. मी नसलो का तारीख घ्यायची. बाकी डोका नाय लावायचा."

"सर, फाइल वाचू का?"

"वाच की. वेळ आली का वाच."

फाइल सरांच्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली सरांच्या गाडीच्या किल्लीला.

२६ मे २००९

दुसरी तारीखही मिळाली. आता मला आवाज चढवायला लागत नाही, नुसती उभी राहिले की गायकरकाका "हरकत नाही" म्हणून मोकळे होतात.

आज आमच्या अशिलाला पहिल्यांदा पाहिलं. कमळी जैतू हिलम. करंजाडेच्या पलीकडे कातकरवाडी आहे तिथली. साठीची असेल, हडकुळी, कंबरेला चुन्या-तंबाखूची पिशवी. केस अशी आहे: तिच्या नवऱ्याला, जैतूला, सरकारने भाताची एक एकर जमीन दिली होती. कुणीतरी "रेशनकार्डाचा कागद आहे" म्हणून त्याचा अंगठा घेतला आणि जमीन गेली एका बिल्डरच्या नावावर. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय अशी विकत घेताच येत नाही, हे कॉलेजात मलासुद्धा पाठ होतं. जैतू त्याचीच हाय खाऊन गेला. मग सरांनी कमळीची केस फुकट घेतली आणि तहसीलदारांपुढे अशी लढवली की निकाल लागला, जमीन कमळीला परत द्या! पेपरात सरांचा फोटो आला, "कातकऱ्यांचा वकील". बिल्डर अपील घेऊन वर प्रांतांकडे आला आणि त्या निकालाला स्थगिती मिळवली. आता अपिलात सर एकदा उभे राहिले की खेळ खलास. फक्त उभं राहायला त्यांना वेळ मिळायला हवा.

कमळीमावशी बाहेर पायरीवर बसली होती. "बाय, आज काय झाला?"

"तारीख मिळाली, मावशी."

"मंग बरा झाला ना?"

"बरंच झालं की!" मी म्हटलं. मला खरंच आनंद झाला होता.

१२ जून २०१०

सर आमदार! विधान परिषदेवर. उरण नाक्यापासून शिवाजी चौकापर्यंत गुलाल. माझा कोट अजून गुलाबी आहे, अम्मीने तो बादलीत बुडवून मला चार गोष्टी सुनावल्या. सरांनी भाषणात कातकरवाडीचं नाव दोनदा घेतलं. "चिखलातून चालत गेलो होतो मी त्या माउलीच्या झोपडीपर्यंत," म्हणाले, आणि आवाज दाटला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. जगनभाऊ म्हणाले, "खरा हाय तां. मी होतो संगती. चप्पल चिखलात गेली ती गेलीच साहेबांची."

असा माणूस आपला साहेब आहे. अल्लाहचा शुक्र.

३ सप्टेंबर २०१०

तारीख मागणं ही कला आहे, हे आता मी छातीठोकपणे सांगू शकते. प्रांत ऑफिसातले सगळे वकील मला "तारीखवाल्या मॅडम" म्हणतात. नवीन पोरं टिप्स विचारायला येतात. मी सांगते, कारण कधी खालच्या दर्जाचं देऊ नये. पूर्वी मी "सर आजारी आहेत" म्हणायचे. आता "सर सभागृहात आहेत." हे ऐकलं की साहेब खुर्चीत जरा सरळ होतात.

तिसरे प्रांतसाहेब आले आहेत. प्रत्येक नवीन साहेब पहिल्या दिवशी म्हणतात, "इतकी जुनी केस? पुढच्या वेळी नक्की ऐकू." आणि पुढच्या वेळेपर्यंत त्यांची बदली होते.

घरी वेगळीच सुनावणी चालू आहे. रोह्याच्या एका घराण्याकडून रिश्ता आला आहे. मुलगा दुबईत. अम्मीने विचारलं, काय सांगू त्यांना? मी म्हटलं, तारीख मिळावी. तिने लाटणं दाखवलं.

१७ फेब्रुवारी २०११

आज एक लाजिरवाणी गोष्ट झाली. ती इथेच लिहिते, कुणाला सांगणार नाही.

कोर्टात एका भाडेकरूच्या किरकोळ प्रकरणात तारीख मागायला गेले होते. जज मॅडम म्हणाल्या, "तारीख कशाला? दोन मिनिटांचं काम आहे. बोला ना तुम्हीच." माझ्या तोंडातून शब्द फुटेना. जीभ टाळूला चिकटली. "मढवी सरांतर्फे..." एवढंच निघालं आणि मागे कुणीतरी खुसकन हसलं. मॅडमनी कंटाळून तारीख दिली.

दोन वर्षं झाली. मला वादच करता येत नाही की काय? अब्बा सगळ्यांना सांगतात, माझी बेटी हजारदा कोर्टात उभी राहिली आहे. उभी राहिले आहे हे खरं. पुढे काय?

सरांना फोन केला तर म्हणाले, "अरे, घाई कशाची? मी हाय ना." बरं वाटलं. सर आहेत.

४ एप्रिल २०१२

राज्यसभा! आमच्या उरण नाक्याच्या जिन्यावरून माणूस थेट दिल्लीला गेला! अब्बांनी दिवसभर टीव्ही बंद होऊ दिला नाही. सर हिंदीत बोलत होते. "हमारा पार्टी" म्हणाले तेव्हा अब्बा ओरडले, "हमारी, महादेवभाई, हमारी!" जणू काही टीव्हीतून ऐकू जाणार होतं.

पनवेलभर बॅनर लागलेत. गंमत म्हणजे सगळ्यात मोठा बॅनर कुणाचा असेल? आपल्या कमळीच्या केसमधल्या बिल्डरचा! वर सर हात जोडून, खाली कोपऱ्यात बिल्डर हात जोडून, "आमचे मार्गदर्शक, आमचे प्रेरणास्थान". मी जगनभाऊंना म्हटलं, "बघा, मोठेपणा याला म्हणतात. शत्रूसुद्धा मान देतो." जगनभाऊंनी बॅनरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पान थुंकायला निघून गेले. दिवसेंदिवस माणूस तुटक होत चालला आहे. वय झालं.

तारीख: नऊ जुलै. "सर दिल्लीत आहेत" म्हटल्यावर साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली.

२१ जानेवारी २०१३

सर आता पक्षाचे राष्ट्रीय सरचिटणीस. रोज रात्री नऊ वाजता टीव्हीवर, चौकटीत, इतर सात जणांबरोबर भांडताना. हिंदी आता झकास झाली आहे. इंग्रजीही बोलतात, तेही न रागावता.

फोन आला होता. मी विचारलं, "सर, कमळीच्या अपिलाचं काय करायचं? चार वर्षं होत आली."

सर हसले. "अरीबा, काही केसेस चालू असलेल्याच बऱ्या असतात. कळेल तुला." मग म्हणाले, दिल्लीत पक्षाच्या कायदा विभागात पोरं हवी आहेत, तुझं नाव डोक्यात आहे. या अल्लाह! मी अन् दिल्ली! फोन ठेवल्यावर मी ऑफिसच्या गॅलरीत एक गिरकी घेतली, खालच्या पानवाल्याने टाळ्या वाजवल्या. केसेसबद्दल सर काय म्हणाले ते नीट कळलं नाही, पण बोलणं खोल होतं.

३० जुलै २०१३

कमळीमावशी ऑफिसात आली. पहिल्यांदाच जिना चढून. उभ्यानेच बोलली, बस म्हटलं तरी बसेना.

"बाय, त्या एकरात गाड्या येतात. मुरूम वततात. रोज. माज्या शेताचा पार मैदान केला."

"मावशी, मी सरांना सांगते. पुढची तारीख—"

"तू तारीक मागतेस," ती म्हणाली, "आन् तो मिशाळ्या हसतो. दर बारीला हसतो. त्याला हसाया येतां त्यात माजा बरा काय असल गो?"

तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, नुसतं उत्तराची वाट बघत. मग गेली. गायकरकाका का हसतात?

१ ऑगस्ट २०१३

रोजनाम्याची नक्कल काढली. म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं ते ऑफिसात लिहून ठेवतात ना, ते. इतकी वर्षं केस माझी म्हणायची आणि ही चार पानं मी कधी वाचली नव्हती. आज प्रांत ऑफिसच्या बाकावर बसून वाचली.

एकोणीस तारखा. दोन साहेबांच्या बदलीच्या, एक बंदची. उरलेल्या सोळा ठिकाणी एकच मजकूर: "जमीनधारक बाईतर्फे ॲड. अरीबा मुकादम यांनी मुदत मागितली. अपील करणारे युक्तिवादास तयार. हरकत नाही. पुढील तारखेपर्यंत स्थगिती कायम."

स्थगिती कायम. निकाल तर आमच्याच बाजूचा होता! तो अंमलात येऊ नये म्हणून स्थगिती, आणि ती दर वेळी वाढवून कोण देत होतं? मी. बिल्डरला काही करावंच लागलं नाही. त्याचं काम मी करत होते, काळा कोट घालून, वर चहा पिऊन.

मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑफिसात येऊन जगनभाऊंसमोर कागद टाकले. त्यांनी ते उलटे करून माझ्याकडे सरकवले. मग म्हणाले, "मला वाटला तुला ठावं हाय."

"आणि सरांना?"

जगनभाऊंनी चष्मा पुसला. "साहेब आदी असं नव्हते, पोरी." एवढंच. मग उठले, स्वतःच्या खिशातून एक किल्ली काढली आणि सरांचं कपाट उघडलं. दुसरी किल्ली पहिल्यापासून त्यांच्याकडे होती. मी कधी मागितलीच नव्हती.

११ सप्टेंबर २०१३

फाइल सहा वेळा वाचली. वकीलपत्रावर कमळीचा अंगठा आहे आणि त्याखाली दोन नावं: महादेव मढवी, अरीबा मुकादम. माझी सही माझ्याच हातची. कधी केली आठवतही नाही, सरांनी कागद पुढे केला असेल आणि मी आनंदाने केली असेल.

म्हणजे मला बोलता येतं. कायद्याने. तोंडाने येतं का, हा वेगळा प्रश्न.

अब्बांना प्रांतसाहेब केलं. ते सोफ्यावर मांडी घालून बसले, हातात रिमोट. मी पहिलं वाक्य बोलले आणि अडखळले. "तारीख देऊ?" त्यांनी लगेच विचारलं. अम्मी आतून म्हणाली, "देऊ नका तिला! बोलू दे!" मी परत सुरुवात केली. आठव्या वेळी शेवटपर्यंत गेले. अब्बांनी रिमोट आपटून निकाल माझ्या बाजूने दिला, पण ते माझे अब्बा आहेत.

२३ सप्टेंबर २०१३

उद्या तारीख. सरांचा फोन आला, भोपाळहून. त्यांना कसं कळलं कोण जाणे. गायकरांना मी परवा चहाला नाही म्हटलं, त्यावरून असेल.

"अरीबा, उद्या तारीख घे. या केसला मी स्वतः उभा राहणार आहे."

"कधी, सर?"

"निवडणुका होऊ देत." शुद्ध मराठी, म्हणजे काम होतं. मग आवाज मऊ करून म्हणाले, "दिल्लीचं तुझं नक्की करतोय. नोव्हेंबरपासून."

मी "हो सर" म्हटलं. सवयीने. या माणसाने मला उभं केलं. मोहल्ल्यातल्या मुलीला ज्युनियर घ्यायला तेव्हा दुसरं कोणी तयार नव्हतं, हे मी विसरू शकत नाही. दिल्लीही हवी आहे मला, खोटं कशाला बोलू? खूप हवी आहे. आणि उद्या जीभ टाळूला चिकटली तर कमळीची जमीन माझ्यामुळे कायमची जाईल. तारीख घेतली तर निदान केस जिवंत राहते.

हे असंच मी सोळा वेळा स्वतःला सांगितलं असणार.

२४ सप्टेंबर २०१३

आधी गंमत लिहिते, कारण आठवून अजून हसू येतंय.

पुकारा झाला. मी उभी राहिले. मी तोंड उघडायच्या आत गायकरकाका म्हणाले, "आमची हरकत नाही."

"कशाला हरकत नाही, काका?" मी विचारलं. "मी युक्तिवादाला उभी आहे."

त्यांची मिशी जागच्या जागी थांबली. मग घाईघाईने म्हणाले, "साहेब, असं अचानक कसं... आम्हाला तारीख मिळावी!"

नवीन प्रांत मॅडम तरुण आहेत, जूनमध्येच आल्या. त्यांनी रोजनामा चाळला. "गायकर साहेब, इथे सोळा वेळा लिहिलंय तुम्ही तयार आहात. आज काय झालं?" आख्खी खोली हसली. गायकर खाली बसले.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोणातर्फे?"

जीभ टाळूला चिकटायला निघाली होती. म... एवढं आलंही होतं ओठांवर. "कमळी जैतू हिलम यांच्यातर्फे," मी म्हणाले.

अकरा मिनिटं बोलले. काय बोलले ते नीट आठवत नाही. शेवटी एवढंच विचारलं की, कलेक्टरच्या परवानगीचा कागद दाखवा, फक्त एक कागद, मी आत्ता अपील मान्य करते. गायकरांनी पिशवी उघडली, आत पाहिलं, पुन्हा बंद केली. मॅडमनी प्रकरण निकालासाठी बंद केलं. आता तारीख नाही.

बाहेर कमळीमावशी. "बाय, आज काय झाला?" "आज बोलले, मावशी," मी म्हटलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले. तिने मला तंबाखू देऊ केली.

संध्याकाळी सरांचा फोन. पूर्ण इंग्रजीत. शेवटी म्हणाले, दिल्लीचं विसर.

२२ ऑक्टोबर २०१३

जिंकलो! अपील फेटाळलं, स्थगिती उठली. जमीन कमळी हिलमला द्या. अम्मीने स्वतः शीरखुर्मा केला, रमजान ईद होऊन अडीच महिने झाले असूनही.

आणि नऊ वाजता टीव्हीवर सर. "हम ने पाँच साल ये लड़ाई लड़ी है, एक आदिवासी बहन के लिए." अब्बांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. सर बोलत असताना टीव्ही बंद झाल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

जगनभाऊंनी पेढ्यांचा पुडा आणला. सरांचं ऑफिस तर आता सुटलं; उद्यापासून ते आणि मी कुठे बसायचं हा प्रश्न आहे. बघू.

११ डिसेंबर २०१३, बुधवार

आज ताबा. तलाठी, सर्कल, पंच, मोजणीचे लोक. मी ती जमीन पहिल्यांदाच पाहिली. साडेचार वर्षं तिच्यासाठी तारखा मागितल्या आणि एकदाही पाहिली नव्हती.

भाताचं शेत म्हणायला काही उरलेलं नाही. कंबरेइतका मुरूम, रोलर फिरवून चेपलेला. मावशीने काठी खुपसून पाहिली, टण्ण आवाज आला. पंचनामा झाला, तिचा अंगठा झाला, लोक गेले. ती तशीच उभी. "माजी माती खाली हाय," म्हणाली.

मला राहवेना. म्हटलं, "मावशी, हा मुरूम माझ्यामुळे पडला. त्या सगळ्या तारखा मी मागितल्या. पहिल्याच वर्षी बोलले असते तर तुझं शेत शेतासारखं मिळालं असतं."

"ठावं हाय," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती तरी नाही म्हणेल.

"भरपाईचा अर्ज टाकते उद्याच," मी म्हटलं. "बिल्डरला हा उचलायला लावू."

"टाक. त्याला कितीक सालां लागतील?"

मी खोटं बोलले नाही. "लागतील मावशी. वर्षं लागतील."

तिची नजर एकरभर फिरून परत माझ्याकडे आली. "रयवारी घमेला घेऊन ये," म्हणाली.

१३ डिसेंबर २०१३

अर्ज टाकला. खाली एकच सही, माझी.

सरांचा फोन आला. आवाज पुन्हा मधाळ, आगरीत. "पोरी, झाला गेला इसरून जा. रयवारी पनवेलात येतंय. अकरा वाजता खारघरच्या बंगल्यावर पत्रकार. कमळीला घेऊन ये, तिच्या हातून हार घालून घेऊ. तू माज्या शेजारी बस. दिल्लीचा तिथंच जाहीर करतंय." मी म्हटलं, मावशीला विचारते. विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच रविवारी किती वाजता यायचं ते विचारलं.

१५ डिसेंबर २०१३, रविवार

सकाळी सातला गेलो. अब्बा, जगनभाऊ, मी. जगनभाऊंनी पहारही आणली होती. वाडीतली आठ-दहा माणसं होती. मावशीने आधी कोपरा दाखवला, इथून सुरू करा. मुरूम असा घट्ट की पहारीने फोडावा लागत होता. पहिल्या अर्ध्या तासात माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले. अब्बा कुवेतच्या उन्हाच्या गोष्टी सांगत दगड फोडत होते आणि दर पाच मिनिटांनी कंबर धरत होते.

अकरा वाजता फोन वाजला. मग पुन्हा. मग पुन्हा. डोक्यावर घमेलं होतं, हात रिकामा नव्हता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मावशी म्हणाली, "तुजा हाय, घे की."

"नंतर," मी म्हटलं.

दुपारी दोनला कोपऱ्यात खड्डा झाला, आमच्या पलंगाएवढा. खाली काळी माती लागली. ओली होती. मावशी खड्ड्यात उतरली, मूठभर माती घेतली आणि नाकाशी धरली. तिचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी पुढचं घमेलं भरायला वळले.

मग खड्ड्यातून तिचा आवाज आला. "बाय, अजून लई हाय गो. पुडच्या रयवारी येशील ना?"

मी म्हटलं, येते. पेन धरवत नाहीये, एवढंच लिहिते.